आधी साधा पास्ता विचारा, मग टेबल राखा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इटालियन रेस्टॉरंटची ओळख करून देणारे लेख वर्तमानपत्रांतून नेहमी येतात. आतली सजावट, भट्टी कुठून आणली, शेफ कुठे शिकला, खास पदार्थ कोणता, हे सगळं त्यात असतं. ते वाचून वाढदिवसासाठी किंवा परीक्षेच्या निकालासाठी टेबल राखणाऱ्या अनेक कुटुंबांत चौदा-पंधरा वर्षांचं एक माणूस असं असतं की त्याला चालणारे पदार्थ दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात. त्या घराला लागणारी माहिती या लेखांत जवळजवळ कधीच नसते. म्हणून हे पत्र, आणि शेवटी आपल्या पानासाठी एक विनंती.

मोठ्या माणसाची आवडनिवड पक्की असली की आपण त्याला चोखंदळ म्हणतो. तेच पंधरा वर्षांच्या मुलीने केलं की त्याला नखरे म्हणतो. हा शब्द मनातून काढून टाकल्याशिवाय रेस्टॉरंट नीट निवडता येत नाही, कारण नखरे मानले की ‘तिथे गेल्यावर खाईल काहीतरी’ असं म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर या वयातला नकार बहुतेक वेळा अगदी नेमका असतो. सॉसमधला कांद्याचा तुकडा दाताखाली आलेला चालत नाही. जुन्या चीजचा वास सहन होत नाही. दोन पदार्थ ताटात एकमेकांना लागलेले नको असतात. वर भुरभुरलेलं हिरवं काही दिसलं की पुढचा घास जात नाही. नकार इतका नेमका असतो म्हणूनच त्यावर उपायही नेमका करता येतो.

आमचं म्हणणं एवढंच, की रेस्टॉरंट त्याच्या सर्वांत मोठ्या पदार्थावरून न निवडता सर्वांत साध्या पदार्थावरून निवडावं. जिथे नुसत्या टोमॅटोचा पास्ता किंवा लोणी-चीजचा पास्ता मन लावून केला जातो आणि मागितला तर कपाळाला आठ्या न घालता आणून दिला जातो, तिथे बाकीच्या मंडळींचंही जेवण चांगलंच होतं. उलट खात्री मात्र देता येत नाही. इटलीत ‘पास्ता इन बियांको’ म्हणजे ‘पांढरा’ पास्ता हा घरोघरी ठाऊक असलेला प्रकार आहे. उकडलेला पास्ता, लोणी किंवा ऑलिव्ह तेल, वर किसलेलं पार्मिजानो चीज. पोट बिघडलं की हाच, लहान मुलांना हाच. त्यामुळे साधं मागणं म्हणजे त्या स्वयंपाकाचा अपमान, ही भीती निराधार आहे. पास्ता करणाऱ्या कुठल्याही इटालियन स्वयंपाकघरात त्याचं सामान असतंच. प्रश्न फक्त देण्याच्या तयारीचा असतो.

सुरुवात मुलापासून करावी. ‘तुला काय खायचंय?’ या प्रश्नाला ‘काहीही’ किंवा ‘माहीत नाही’ याखेरीज उत्तर येत नाही. त्याऐवजी विचारावं, की मागच्या वेळी पिझ्झा आवडला तो कसा होता, कडक की मऊ? त्यावरून काय काय काढून ठेवलंस? पास्ता अर्धा टाकलास तो चवीमुळे, की तोंडात कसा लागला त्यामुळे? या तीन उत्तरांतून निम्मी निवड होऊन जाते. मग दोन-तीन रेस्टॉरंटची मेनूकार्डं दोन दिवस आधी त्याच्याकडे द्यावीत, आणि त्याने ती एकट्याने, आपल्या फोनवर, कोणी खांद्यावरून न डोकावता बघावीत. एक पहिली पसंती आणि एक पर्यायी, एवढंच सांगायचं. काका-मावशी, आजी-आजोबा बसलेले, वेटर वही घेऊन उभा, आणि सगळ्यांचे डोळे एका मुलावर, ही वेळ पदार्थ निवडण्याची नव्हेच. जाहिरातीतले फोटोही त्याला दाखवू नयेत. जेवून गेलेल्या लोकांनी टाकलेले फोटो दाखवावेत, कारण ताटात पुढ्यात येतं ते त्यासारखं असतं.

मेनूकार्ड वाचताना खरी मेख नावांत असते. ओळखीचं वाटणारं नाव आणि येणारा पदार्थ यांत अंतर पडलं की त्या मुलाचा पूर्ण जेवणावरचाच विश्वास उडतो. काही ठिकाणी हे हमखास घडतं.

‘पेपेरोनी’ हा शब्द इटालियनमध्ये ढोबळी मिरचीसाठी आहे. लाल गोल चकत्यांचा सॉसेज हा अमेरिकेतल्या इटालियनांचा प्रकार. अस्सल इटालियन पद्धतीच्या ठिकाणी तसं काही हवं असेल तर ‘दियावोला’ पिझ्झा बघावा. त्यावर तिखट सलामी असते. ‘मारिनारा’ म्हटल्यावर कोणाला मासे आठवतात, कोणाला चीज घातलेला लाल पिझ्झा. प्रत्यक्षात त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, आणि चीज नसतंच. ‘क्वात्रो फॉर्माज्जी’ म्हणजे चार चीजचा पिझ्झा. चीज आवडणाऱ्या मुलासाठी हा अगदी बिनधोक वाटतो, पण त्या चारांत बहुधा गोर्गोंझोला हे निळ्या बुरशीचं चीज असतं, आणि पहिला घास जिभेवर पडायच्या आधीच त्याचा वास काम बिघडवतो. ‘काप्रिचोझा’त आर्टिचोक, मशरूम, ऑलिव्ह, हॅम असं सगळं एकत्र येतं. उलट इटलीतल्या पिझ्झेरियांत उकडलेलं सॉसेज आणि तळलेले बटाटे घातलेला ‘वुर्स्टेल ए पाताटीने’ हा पिझ्झा सर्रास मिळतो, आणि तो मुलांचाच म्हणून ओळखला जातो. मेनूत तो दिसला की समजावं, इथे मुलांची सवय आहे.

पास्त्यातली फसगत जास्त सूक्ष्म. ‘काचो ए पेपे’चं वर्णन वाचलं तर फक्त चीज आणि मिरपूड, म्हणजे सर्वांत साधा पदार्थ. पण ते चीज पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं, खारट आणि उग्र. आणि मिरपूड चिमूटभर नव्हे, चांगली भरडून घातलेली. सौम्य चव लागणाऱ्या मुलासाठी यादीतला हा सर्वांत अवघड पास्ता. ‘कार्बोनारा’ क्रीमचा असेल असं धरून मागवला जातो. रोमच्या पद्धतीत त्यात क्रीम नसतं. अंड्याचा बलक, पेकोरिनो आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, गुआंचाले, यांचा तो पदार्थ आहे. बलक पास्त्याच्या उष्णतेवरच दाटतो, म्हणून सॉस पिवळसर, चकचकीत आणि अर्धवट शिजल्यासारखा दिसतो. अंड्याच्या वासाशी वैर असलेल्या मुलाला हे आधी सांगायलाच हवं. ‘आल्फ्रेडो’ हे नाव रोमचंच, पण तिथल्या मूळ पदार्थात लोणी आणि पार्मिजानो एवढंच. क्रीमचा दाट पांढरा सॉस ही अमेरिकेत पडलेली भर. म्हणून ‘व्हाइट सॉस’ हवा असेल तर ‘क्रीम असतं का’ हे विचारूनच मागवावा.

बोलोन्याचा रागू ही आणखी एक जागा. १९८२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये त्याची कृती अधिकृतपणे नोंदवली गेली. तो मुख्यतः मांसाचा सॉस आहे, टोमॅटो त्यात बेताचाच. रंग तपकिरीकडे झुकणारा, आणि तो स्पॅघेटीवर न येता रुंद पट्ट्यांच्या अंड्याच्या पास्त्यावर, ताल्यातेल्लेवर येतो. घरी लाल, पातळ, खिम्यासारखा ‘बोलोनीज’ खाल्लेल्या मुलापुढे तो आला की ‘हे ते नाहीच’ असं उत्तर येतं, आणि त्याचं बरोबरच असतं. ‘आराब्बियाता’ तिखट. ‘पुत्तानेस्का’त ऑलिव्ह, केपर म्हणजे खारवलेल्या कळ्या आणि बरेचदा अँकोव्ही मासे. ‘फ्रित्तो मिस्तो’ म्हणजे तळणीचा मिसळ प्रकार, पण त्यात अख्खे छोटे मासे आणि स्क्विडचे शुंड दिसतात. नुसत्या गोल कड्यांची अपेक्षा असेल तर आधीच विचारावं. पाणीसुद्धा विचारून घ्यावं: ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिझ्झांते’ बुडबुड्यांचं.

नावांइतकंच महत्त्वाचं म्हणजे कोणता पदार्थ बदलता येतो आणि कोणता नाही, हे ओळखणं. यात आचाऱ्याच्या स्वभावाचा भाग थोडा, पदार्थाच्या घडणीचा जास्त. लझान्या, वांग्याची पार्मिजाना, भरलेला राव्हिओली, रागू हे आधीच करून ठेवलेले असतात. लझान्यातला एक थर काढा म्हणणं म्हणजे पुरणपोळीतून वेलची काढा म्हणण्यासारखं आहे. टोमॅटोचा सॉसही सकाळीच होतो, म्हणून त्यातला कांदा-लसूण रात्री वेगळा निघत नाही. पण वरचं बेसिल, चीज, मिरपूड, कच्चं तेल हे शेवटच्या क्षणी पडतं आणि ते सहज टाळता येतं. तव्यावर किंवा भट्टीत आयत्या वेळी होणारे पदार्थ, म्हणजे तेल-लसणाचा पास्ता, लोण्याचा पास्ता, पिझ्झा, ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेली मांसाची चकती, कोतोलेत्ता, यांत मनासारखा बदल होतो. निवड करताना असा हिशेब करावा: मेनूत किमान तीन पदार्थ असे हवेत की जे मूल जसेच्या तसे किंवा एकच बदल करून खाईल, आणि त्यांतला निदान एक आयत्या वेळी होणारा हवा. तीन एवढ्यासाठी, की पहिली पसंती त्या दिवशी संपलेली असू शकते. दोन बदल लागत असतील तर तो पदार्थ हिशेबात धरू नये. गर्दीच्या वेळी दुसरा बदल हटकून विसरला जातो.

‘सॉस वेगळा आणा’ ही मागणी सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त फसते. कारण समजून घेतलं तर ती नीट करता येते. इटालियन पद्धतीत पास्ता उकडून वर सॉस ओतत नाहीत. तो शिजायला मिनिटभर बाकी असताना सॉसच्या तव्यात टाकतात, सोबत पळीभर उकडीचं पाणी. त्या पाण्यात उतरलेल्या पिठाने सॉस दाटतो आणि प्रत्येक नळीला, प्रत्येक दोऱ्याला चिकटतो. सॉसशिवाय पास्ता ताटात नुसता आला तर तेच पीठ दोन-चार मिनिटांत गोंदासारखं आवळतं आणि गठ्ठा होतो. मूल म्हणतं पास्ता वाईट होता, वाढणारा म्हणतो मागितला तसा दिला. म्हणून मागताना असं सांगावं: ‘पास्ता थोड्या लोण्यात किंवा तेलात परतून, आणि सॉस वाटीत बाजूला.’ आकारही सांगावा. पेन्ने किंवा रिगातोनी हा नळीचा पास्ता सुटा राहतो, स्पॅघेटी आणि त्याहून बारीक शेवया लगेच चिकटतात. चीजही वाटीतच मागावं. पार्मिजानो किमान १२ महिने मुरलेलं असतं, आणि गरम पास्त्यावर पडताच त्याचा वास उसळतो. तो वास ज्या मुलाला नको, त्याच्यासाठी वर पडलेलं चीज चमच्याने खरवडून काढण्यात काही अर्थ नाही.

शिजवण्याचा मुद्दाही असाच. ‘अल देंते’ म्हणजे दाताला किंचित विरोध करणारा पास्ता, मधोमध जरा घट्ट. घरी मऊ पास्त्याची सवय असेल तर तो कच्चा वाटतो. यावर दोन उपाय आहेत: ‘जरा जास्त शिजवा’ असं सांगणं (इटलीत ‘बेन कोत्ता’ म्हणतात), किंवा अंड्याचा ताजा पास्ता निवडणं. ताजा पास्ता दोन ते चार मिनिटांत शिजतो आणि मुळातच मऊ असतो. बटाट्याचे छोटे गोळे, न्योक्की, त्याहून मऊ. काही मुलांना ते फार आवडतात, काहींना तो लिबलिबीतपणाच सोसत नाही. हे घरी एकदा करून बघावं. खास दिवशी पहिला प्रयोग नको.

पिझ्झाची दोन घराणी आहेत आणि चोखंदळ मुलाच्या बाबतीत निम्मा निकाल तिथेच लागतो. नापोलीच्या (नेपल्सच्या) पद्धतीचा पिझ्झा सुमारे ४३० ते ४८५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो. पाण्याला आटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे मध्यभाग पातळ, मऊ, ओलसर राहतो आणि तुकडा उचलला की टोक खाली लवतं. कड फुगते आणि तिच्यावर काळे डाग पडतात. जाणकार त्या डागांसाठी पैसे मोजतात. मुलाच्या लेखी पिझ्झा जळला आहे आणि आत कच्चा आहे. वर म्हशीच्या दुधाचं मोझ्झारेल्ला असेल तर ओल आणखी वाढते. गाईच्या दुधाच्या ‘फिओर दी लात्ते’ला पाणी कमी सुटतं. रोमच्या पद्धतीचा गोल पिझ्झा लाटण्याने पातळ लाटलेला, थोड्या कमी आचेवर जास्त वेळ भाजलेला, कडेपर्यंत कुरकुरीत असतो. कडक पिझ्झा खाणाऱ्या मुलासाठी दुसरा शोधावा, आणि पहिलाच मिळत असेल तर ‘जास्त भाजून’ सांगावं. मात्र अतिशय तापलेल्या भट्टीत जास्त भाजणं म्हणजे जास्त काळे डाग, हेही लक्षात असू द्यावं. प्रामाणिक पिझ्झावाला हे स्वतःच सांगतो.

रेस्टॉरंटच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. पिझ्झेरिया किंवा घरगुती वळणाची त्रात्तोरिया अशा जेवणाला बरी. पाच-सात पदार्थांचं ठरीव ‘टेस्टिंग मेनू’ असलेलं ठिकाण टाळावं: तिथे बहुधा सगळ्या टेबलाला तेच घ्यावं लागतं, अडीच-तीन तास जातात, आणि प्रत्येक ताटाबरोबर त्या मुलाची नव्याने परीक्षा होते. मेनूवर ‘पदार्थांत बदल केले जाणार नाहीत’ असं छापलेलं असेल तर वाद न घालता दुसरीकडे वळावं. तो त्यांचा हक्क आहे, आणि लिहून ठेवलं हे त्यांचे उपकारच. ‘किड्स मेनू’ आहे म्हणून मात्र भुलू नये. पंधरा वर्षांच्या मुलापुढे रंगीत खडू आणि चित्राचा कागद ठेवला की दिवस तिथेच संपतो. त्यापेक्षा ‘अर्धी प्लेट मिळते का’ हे विचारावं. मोठ्या माणसाला एका वेळी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता धरतात. शिजल्यावर त्याचं वजन दुपटीहून थोडं अधिक होतं. साशंक मुलापुढे तो डोंगर ठेवण्यापेक्षा अर्धा ठेवावा, लागला तर पुन्हा घ्यावा.

आता फोन. तो दुपारचं जेवण आटोपल्यावर आणि संध्याकाळची गडबड सुरू होण्याआधी करावा, त्या वेळी आत जाऊन विचारून यायला माणसाला सवड असते. ‘तुम्ही मुलांसाठी काही करता का?’ याला सगळीकडे ‘हो’ म्हणतात, त्यातून काही कळत नाही. प्रश्न बारीक हवेत. टोमॅटोचा सॉस एकजीव असतो की त्यात तुकडे असतात? कांदा दिसतो का? वर काहीही न घालता, चीज वाटीत देऊन पास्ता मिळेल का? पिझ्झा दुपारीही होतो की भट्टी संध्याकाळीच पेटते? (इटलीतही बऱ्याच ठिकाणी ती संध्याकाळीच पेटते.) मेनूकार्ड इंटरनेटवर आहे तेच चालू आहे की ऋतूप्रमाणे बदललं? पलीकडून ‘थांबा, आत विचारून सांगतो’ असं उत्तर आलं तर ते ठिकाण चांगलं. क्षणाचाही विचार न करता ‘हो हो, सगळं होईल’ आलं तर जपून. जे ठरलं ते टेबलाच्या नोंदीत लिहून घ्यायला सांगावं, आणि त्या दिवशी टेबलावर पुन्हा सांगावं. फोन घेणारा आणि वाढणारा एकच नसतो.

याच फोनवर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कांदा नको म्हणून ‘कांद्याची ॲलर्जी आहे’ असं सांगू नये. ॲलर्जी म्हटल्यावर नीट चालणारं स्वयंपाकघर वेगळा तवा, वेगळी सुरी, वेगळा पाट घेतं, हात धुतं, बाकीची कामं थांबवतं. मग तेच मूल कांदा घातलेला गार्लिक ब्रेड शेजारच्या ताटातून उचलून खाताना दिसलं, की पुढच्या खऱ्या ॲलर्जीच्या माणसाकडे तिथले लोक संशयाने बघू लागतात. ‘आवडत नाही, पण ते असलं तर तो जेवणार नाही’ हे खरं कारण पुरेसं आहे. खरी ॲलर्जी असेल तर ती मात्र स्पष्ट, आधी आणि पुन्हा सांगावी. पेस्तो या बेसिलच्या हिरव्या सॉसमध्ये पाइन नट्स असतात, त्याऐवजी काही ठिकाणी काजूही घालतात. शाकाहारी मुलामुलींसाठीही काही गोष्टी दिसत नाहीत अशा आहेत: पार्मिजानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये दूध गोठवायला जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात, रिझोत्तो या भाताच्या पदार्थात बरेचदा मांसाचा रस्सा असतो, आणि पान्ना कोत्ता हे क्रीमचं गोड जनावरांपासून काढलेल्या जिलेटीनने धरतं.

वेळ लवकरची घ्यावी, शक्यतो दार उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास. स्वयंपाकघर मोकळं असतं, बदल लक्षात राहतात, आवाज कमी असतो, आणि चुकलेलं ताट परत गेलं तर नवं लवकर येतं. भिंतीकडचं किंवा कोपऱ्यातलं टेबल मागावं. भट्टीजवळचं टेबल बघायला छान, पण तिथे उष्णता आणि वास दोन्ही जास्त. घरून कडकडून भूक लागेपर्यंत थांबवून नेऊ नये. दोन तास आधी काहीतरी हलकं खाल्लेलं असलं की नव्या जागेचा ताण कमी होतो.

पदार्थ सांगताना वेळेचं गणित मांडावं. रिझोत्तो शिजायलाच १६ ते १८ मिनिटं लागतात आणि काही ठिकाणी तो किमान दोघांसाठीच करतात. सुका पास्ता ८ ते १२ मिनिटं. पिझ्झा एक-दोन मिनिटांत भट्टीबाहेर. काही सांगितलं नाही तर पिझ्झा आधी येतो, मूल एकटंच खात बसतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या ताटावर, किंवा उलट सगळे जेवतात आणि ते वाट बघतं. जुन्या इटालियन क्रमात तर पास्ता ‘प्रीमो’ म्हणून पहिला आणि मांस-मासे ‘सेकोंदो’ म्हणून नंतर येतात. ‘सगळ्यांचं मुख्य ताट एकदम आणा, मुलाचा ब्रेड मात्र आत्ताच द्या’ एवढं एक वाक्य पुरतं.

ताट चुकीचं आलं, वर हिरवं भुरभुरलंच, तर ते काट्याने बाजूला करून ‘आता खा’ म्हणू नये. गरम सॉसला बेसिलचा वास लागलेला असतो. मोठ्यांपैकी एकाने उठून, आवाज न चढवता, वाढणाऱ्याला बाजूला सांगावं. पिझ्झा पाच-सात मिनिटांत नवा येतो, पास्त्याला बारा-पंधरा लागतात. म्हणून पुढे कुठे वेळेत पोचायचं असेल तर मुळातच पिझ्झा घ्यावा. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं, की ‘एवढंसं चाखून तर बघ’ हे वाक्य त्या दिवशी नको. नव्या चवीची ओळख एका घासात होत नाही, ती घरी, पुन्हा पुन्हा, कोणाचं लक्ष नसताना होते. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या ताटातून मुलाने आपणहून काही उचललं तरी त्यावर टाळ्या नकोत. लक्ष वेधलं गेलं की पुढचा हात पुढे येत नाही.

गोड सोपं असतं. जेलातो, म्हणजे इटालियन आइसक्रीम, जवळजवळ कुठेही अडत नाही. तिरामिसूत कॉफी असते, बऱ्याचदा दारू आणि कच्चं अंडंही, तेव्हा मुलासाठी विचारूनच घ्यावा.

हे सगळं खाण्याच्या सवयी पक्क्या असलेल्या, पण वाढ नीट होत असलेल्या मुलांबद्दल आहे. चालणाऱ्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत चालली असेल, वजन घटत असेल, चारचौघांत जेवणंच टाळलं जात असेल, तर रेस्टॉरंट शोधण्याआधी डॉक्टरांना भेटावं. अन्न टाळण्याच्या अशा विकाराला ‘आरफिड’ म्हणतात आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानसूचीत त्याची स्वतंत्र नोंद आहे.

आता विनंती. आपल्या खाद्यविषयक पानावर इटालियन रेस्टॉरंटबद्दल लिहिताना परीक्षकाने खास पदार्थांसोबत एक साधा टोमॅटोचा पास्ताही मागवावा, एक बदल सांगून. तो कसा आला, सॉस एकजीव होता की तुकड्यांचा, पिझ्झा नापोलीचा होता की रोमचा, अर्धी प्लेट मिळते का, फोनवर नेमकी उत्तरं मिळाली का, आणि पहिल्या अर्ध्या तासात आवाज किती होता, एवढ्या चार ओळी लेखाच्या शेवटी चौकटीत द्याव्यात. त्यासाठी जागा कमी पडत असेल तर सजावटीचा परिच्छेद आखूड करावा.

कळावे,
आपले नम्र,
आपल्या खाद्यपानाचे नियमित वाचक